हात कुणाचा वर?

२९ जुलै २०२१ची दुपार मला चांगली आठवते. जेवणं झाली होती. मागचं आवरून मी टीव्हीसमोर बसले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमची लढत होती, कोलंबियाच्या इन्ग्रित व्हॅलेन्सियाशी, ५१ किलोच्या गटात. मेरी तेव्हा अडतीस वर्षांची, चार मुलांची आई, सहा वेळची जगज्जेती. संसार सांभाळून पुन्हा पुन्हा रिंगमध्ये उतरणारी ही बाई मला माझ्या घरातली वाटायची.

तीन फेऱ्या संपल्या. दोघी रेफरीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि रेफरीने व्हॅलेन्सियाचा हात वर केला. मेरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर भरभरून हसू. मला वाटलं, किती मोठ्या मनाने हरली बाई! दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं तेव्हा कळलं की ते मोठं मन वगैरे काही नव्हतं. आपण हरलो आहोत हे तिला कळलंच नव्हतं. रिंगमधून ती खुशीत बाहेर आली, उत्तेजक चाचणीसाठी नमुना द्यायला गेली तीही खुशीतच. मागाहून कोचने सांगितलं, मोबाइलवर पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. निकालाचा फेरविचार मागायची किंवा निषेध नोंदवायची सोयच नाही, अशी तक्रार तिने नंतर केली.

वीस वर्षं जी बाई ठोसे देत आणि खात आली, तिला स्वतःच्या लढतीचा निकाल कळू नये, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. धावण्याच्या शर्यतीत असं होत नाही. उंच उडीत दांडी पडते किंवा राहते. आमच्या बेळगावच्या बाजूला तर कुस्तीचं वेड. माझे मामंजी थंडीच्या दिवसांत गावोगावच्या फडांना जायचे. घरी आल्यावर निकाली कुस्त्या किती झाल्या, एवढंच ते सांगायचे. बरोबरीत सुटलेली कुस्ती त्यांच्या हिशेबात धरलीच जायची नाही. "कुस्तीत पंच बोलत नाही ग, पाठ बोलते," असं ते म्हणत. पाठ मातीला लागली की संपलं. हरलेल्यालाही ठाऊक, बघणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक.

बॉक्सिंगमध्ये पाठ बोलत नाही. समोरचा खाली पडून उठलाच नाही तर गोष्ट वेगळी, पण ऑलिंपिकच्या बॉक्सिंगमध्ये असं क्वचितच होतं. बहुतेक निकाल रिंगभोवती बसलेले पाच जज देतात. मेरीने विचारलं होतं, दोन फेऱ्या जिंकून मी हरले कशी? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देते, कारण ते समजल्याशिवाय पुढची टीका करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक जज प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला १० गुण देतो आणि हरणाऱ्याला ९. फारच एकतर्फी फेरी झाली तर ८ किंवा त्याहून कमी. तीन फेऱ्यांची बेरीज हे त्या जजचं कार्ड. अशी पाच कार्डं. ज्याच्या बाजूने जास्त कार्डं, तो जिंकला. म्हणजे निकाल फेऱ्यांवर ठरत नाही, कार्डांवर ठरतो. टोकियोत पहिली फेरी व्हॅलेन्सियाला ४-१ अशी गेली, दुसरी आणि तिसरी मेरीला ३-२ अशी. उदाहरणादाखल पाच जजांना अ, ब, क, ड, इ म्हणू. पहिली फेरी अ, ब, क, ड यांनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी अ आणि ब यांनी तिला दिली, तिसरी क आणि इ यांनी. आता कार्डं बघा. अ, ब, क या तिघांच्या कार्डांवर व्हॅलेन्सियाच्या दोन-दोन फेऱ्या होतात. तिघांची कार्डं तिची, दोघांची मेरीची. निकाल ३-२. प्रत्यक्षात कुणी कुठली फेरी कुणाला दिली हा भाग सोडा, पण दोन फेऱ्यांत बहुमत मिळवूनही हरता येतं ते असं. यात लबाडी असायलाच पाहिजे असं नाही. नुसत्या गणितानेही हे होतं.

पण गणित बरोबर आलं म्हणजे न्याय झाला का? दुसऱ्या फेरीत जे जज ब यांना दिसलं ते जज क यांना का दिसलं नाही, हे कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नसतं. माझी तक्रार तिथून सुरू होते.

आमच्या मंदिरातल्या बायका मला चिडवतात. "अक्का, तुम्ही दिवेलागणीच्या आत जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या, आणि ठोसाठोशी काय बघता?" मी त्यांना पटेल असं उत्तर देऊ शकत नाही. एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर मारायचं हा खेळ आहे, ते मला गोड वाटत नाही, आणि वाटतं असं सांगून मी स्वतःला फसवणार नाही. पण गरीब घरातली, खेड्यापाड्यातली मुलं-मुली यात आयुष्याची दहा-दहा वर्षं घालतात. त्यांच्या कष्टांचं माप कुणी चुकीचं काढलं तर तीही हिंसाच आहे. निदान ती हिंसा खेळाच्या नियमात बसत नाही, एवढं तरी त्या बायकांनी मान्य करावं.

या खेळातली सगळ्यात गाजलेली चूक १९८८ सालच्या सेऊल ऑलिंपिकमधली. ७१ किलो गटाची अंतिम लढत. एकीकडे अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा रॉय जोन्स, दुसरीकडे यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. तेव्हा केलेल्या मोजणीप्रमाणे जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. पाचपैकी तीन जजांनी पार्कला विजयी ठरवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये सर्वांत शैलीदार बॉक्सर म्हणून द्यायचा व्हॅल बार्कर करंडक जोन्सला मिळाला. म्हणजे सगळ्यात चांगला तू, पण सुवर्णपदक तुझं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुढे चौकशी केली आणि १९९७ मध्ये सांगितलं की भ्रष्टाचाराचा पुरावा सापडला नाही. निकाल होता तसाच राहिला.

सेऊलनंतर सगळ्यांना वाटलं, माणसाच्या हातून चूक होते, तर यंत्र आणू. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून जजांच्या हातात बटणं आली. ठोसा लागला की बटण दाबायचं. पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत एकाच बाजूचं बटण दाबलं तरच गुण धरायचा. ऐकायला किती चोख! पण झालं काय, तर बॉक्सरही बटणासाठीच खेळायला लागले. पोटावरचा जड ठोसा तिघा जजांना एकाच क्षणी दिसेल याची खात्री नाही, मग तो मारायचा कशाला? त्यापेक्षा लांबून डोक्याला टिपायचं आणि मागे सरकायचं. झटापटीत लागोपाठ तीन-चार ठोसे बसले तर बोटं कुठवर पळणार? खेळाडूंनी खेळ बदलला, कारण माप बदललं. परीक्षेत फक्त रिकाम्या जागा भरायच्या आहेत म्हटल्यावर निबंध कोण लिहील?

आणि यंत्रानेही लाज राखली नाही. २०१२ मध्ये लंडनला जपानच्या सातोशी शिमिझूने अझरबैजानच्या बॉक्सरला शेवटच्या फेरीत सहा वेळा खाली पाडलं. तरी निकाल लागला तो खाली पडणाऱ्याच्या बाजूने, २२-१७. जपानने दाद मागितली, निकाल फिरला आणि त्या रेफरीला घरी पाठवलं गेलं.

त्याच लंडनमधलं आपलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ६९ किलो गटात विकास कृष्णन अमेरिकेच्या एरल स्पेन्सविरुद्ध १३-११ असा जिंकला. इथे लोक टाळ्या पिटून झोपले. सकाळी उठून बघतात तर अमेरिकेने दाद मागितलेली आणि निकाल उलटा, १५-१३. आपल्याकडे केवढा संताप झाला! मीही चिडले होते. पण तो निर्णय आज पुन्हा वाचला की दिसतं, त्यात कारणं दिलेली आहेत. विकासने तिसऱ्या फेरीत नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्य धरून ठेवलं, दुसऱ्या फेरीत दातांचं कवच मुद्दाम थुंकून टाकलं, आणि रेफरीने त्याबद्दल ताकीद देऊन स्पेन्सला निदान चार गुण द्यायला हवे होते. भारताने क्रीडा लवादाकडे अपील केलं, ते फेटाळलं गेलं. हरलो, पण का हरलो ते मोजून सांगितलं. पटलं नाही तर आपणही ती फीत लावून मोजू शकतो. मेरीला टोकियोत हे मिळालं नाही. लंडनचा निकाल जास्त बोचणारा होता, जिंकलेला हात खाली ओढणारा होता, तरी मला तो टोकियोच्या निकालापेक्षा अधिक न्यायाचा वाटतो. या दोन निकालांतला फरक कळला की माझं म्हणणं कळेल.

२०१३ मध्ये बटणं गेली आणि १० गुणांची पद्धत आली. रिओला २०१६ मध्ये ती पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये वापरली. पाच जज बसायचे, त्यातल्या तिघांची कार्डं संगणक निवडायचा. आयर्लंडचा मायकेल कॉनलन रशियाच्या व्लादिमीर निकितिनकडून हरलेला जाहीर झाला आणि त्याने रिंगमध्ये उभं राहून जजांकडे बघत मधलं बोट दाखवलं. ते वागणं काही शोभणारं नव्हतं. पण जिंकलेला निकितिन इतका जखमी होता की पुढच्या लढतीला उतरूच शकला नाही. कोण जास्त मार खाऊन आला होता, ते डॉक्टरांना कळलं, जजांना नाही. त्या स्पर्धेतले सगळे ३६ रेफरी-जज नंतर बाजूला ठेवले गेले. पुढे रिचर्ड मॅकलारेन यांच्या चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये आला. रिओत लढती फिरवण्याची व्यवस्थाच होती, असं त्यात म्हटलं होतं.

त्या अहवालातल्या एका मुद्द्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. रिओत जे घडलं त्याचा सराव आधीच्या पात्रता स्पर्धांमध्ये झाला होता, असं मॅकलारेन सांगतात. आपल्या भाषेत सांगायचं तर तालीम तिथे झाली, फड रिओत भरला. आपण सगळे फडाला जातो. तालमीत कोण डोकावतो?

मामंजी कुस्तीबद्दल आणखी एक सांगायचे. फडावर पंचाच्या आधी जोड लावणाऱ्याकडे बघावं. कोण कुणाशी लढणार हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धी कुस्ती. ऑलिंपिकचा टीव्हीवर दिसणारा भाग सोडून मी पात्रतेचे नियम वाचायला बसले ते या वाक्यामुळे. मुलाने मोबाइलवर नियमपुस्तिका काढून दिली. आयकराचा फॉर्म त्यापेक्षा सोपा.

पॅरिसचंच घ्या. सगळ्या जगातून २४८ बॉक्सर, १२४ पुरुष आणि १२४ स्त्रिया. प्रत्येक वजनगटात एका देशाचा एकच. आशियातल्यांसाठी पहिली संधी २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत. नंतर २०२४ मध्ये दोन जागतिक पात्रता स्पर्धा, एक इटलीत बुस्तो आर्सिझिओला, दुसरी बँकॉकला. हांगझोऊला स्त्रियांच्या ५०, ५४, ५७ आणि ६० किलो गटांत उपांत्य फेरी गाठली की पॅरिसचं तिकीट. ६६ आणि ७५ किलोत मात्र अंतिम फेरी गाठायला हवी, आणि पुरुषांच्या सगळ्याच गटांत तसं. त्यामुळे निखत झरीन, प्रीती पवार आणि परवीन हुडा कांस्यपदक घेऊन पात्र ठरल्या. लवलिना बोर्गोहाईंला रौप्यापर्यंत जावं लागलं. नरेंदर पुरुषांच्या ९२ किलोवरील गटात कांस्यपदक घेऊन आला आणि पात्रतेच्या बाबतीत रिकाम्या हाताने आला. स्पर्धा तीच, पदक तेच. जागा किती ठेवायच्या हे आधीच कुठल्या तरी खोलीत ठरलेलं. असे हिशेब कुठल्याही स्पर्धेत असतात हे मला कळतं. जागा मोजक्या, खंड पाच, कुठे तरी रेघ ओढावीच लागते. पण जिथे एक लढत जिंकली की ऑलिंपिक आणि हरली की घर, तिथे त्या एका लढतीच्या जजांवर केवढा भार येतो बघा. बुस्तो आर्सिझिओला निशांत देव उपांत्यपूर्व फेरीत हरला, पॅरिसपासून एक विजय दूर. भारताच्या नऊपैकी एकालाही तिथून तिकीट मिळालं नाही. त्या लढती आपल्याकडे किती जणांनी बघितल्या? ऑलिंपिकमधल्या चुकीच्या निकालावर जगभर बोंब होते. पात्रता लढतीतल्या चुकीच्या निकालावर बोंब मारायला त्या मुलाचा कोच आणि त्याची आई, एवढेच.

जोड लावण्याबद्दल म्हणाल तर निखतचं उदाहरण आहे. निजामाबादची ही मुलगी २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला जगज्जेती झाली. पॅरिसमध्ये तिला मानांकन नव्हतं. दुसऱ्याच लढतीत तिच्यासमोर आली चीनची वू यू, ५२ किलोची जगज्जेती आणि अव्वल मानांकित. निखत ५-० अशी हरली आणि वू यू पुढे सुवर्णपदक घेऊन गेली. यात जजांची काही चूक नाही. पण दोन जगज्जेत्या दुसऱ्या पायरीवर एकमेकींसमोर येतात, तेव्हा जोड लावण्यातच काही तरी राहून गेलं, असं मामंजी नक्की म्हणाले असते.

आणि या सगळ्याच्याही आधी घरातली निवड असते. २०१९ मध्ये टोकियोच्या पात्रता स्पर्धेला मेरीला चाचणीशिवाय पाठवायचं घाटत होतं. तिची कामगिरी बघता कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. निखतला वाटलं. तिने थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं, मला चाचणीची संधी द्या म्हणून. खरं सांगते, मला तेव्हा तिचा राग आला होता. कालची पोरगी, मेरीशी बरोबरी करते! डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत चाचणी झाली, मेरी ९-१ अशी जिंकली आणि तिने निखतशी हात मिळवला नाही. तेव्हाही मी मेरीच्याच बाजूची होते.

दीड वर्षाने टोकियोत फेरविचार मागायची सोय नाही म्हणून मेरी रडवेली झाली, तेव्हा मला निखतचं पत्र आठवलं. ती तरी दुसरं काय मागत होती? मला रिंगमध्ये हरवा, कागदावर नको. चाचणीत ती हरलीच, पण कशामुळे हरली ते तिला कळलं, आम्हालाही कळलं. पुढे आपल्याकडे एका चाचणीऐवजी सरावशिबिरात गुण देऊन निवड करायची पद्धत आणली गेली. एका दिवसाच्या नशिबापेक्षा काही आठवड्यांची पारख बरी, हा त्यामागचा विचार चुकीचा नाही. पण गुण कसे पडले हे न पटल्यामुळे काही बॉक्सर न्यायालयात गेले. ज्यांचं काम ठोसे मारायचं, त्यांना वकील शोधावा लागला.

इथवर मी दुसऱ्यांच्या चुका मोजल्या. आता माझी सांगते. त्यामुळेच तर मला हे लिहावंसं वाटलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात मुलांच्या स्तोत्रपठणाच्या स्पर्धेला मी परीक्षक होते. आम्ही तिघी. दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची. पहिली येणारी मुलगी पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होती. दोन मुली चांगल्या म्हणणाऱ्या. एक आमच्या ओळखीच्या घरातली, तिची आजी माझ्या शेजारी बसून पूजा करणारी. दुसरी नुकत्याच बदली होऊन आलेल्या घरातली, कुणाच्या ओळखीची नाही. दुसरी कुठेही अडली नाही, तिचा श्वास कुठेही तुटला नाही. पहिली एकदा चुकली आणि मागे जाऊन पुन्हा म्हणाली. मी पहिलीला ९ दिले आणि दुसरीला ८. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं. लिहिताना मी मनाशी म्हटलं, पहिलीचे उच्चार जास्त गोड आहेत. कारण मी आकड्यानंतर शोधलं. एका गुणाने पहिली गेली जिल्ह्याला.

कार्यक्रम संपल्यावर ती दुसरी मुलगी माझ्यापाशी आली. दहा-अकरा वर्षांची असेल. "काकू, माझं काय चुकलं?" तिने विचारलं. रडत नव्हती, पुढच्या वेळी सुधारायचं म्हणून विचारत होती. मी तिच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, "छान म्हटलंस ग. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती आली नाही.

त्यामुळे सगळे जज पैसे खातात, असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालावासा वाटतो. काही खातात, मॅकलारेन यांनी ते दाखवून दिलं. पण पैसे न खाताही चूक होते, आणि ती जास्त सोपी. यजमान देशाची गर्दी ओरडत असते. एकाचं नाव मोठं असतं, दुसऱ्याचं ऐकलेलंही नसतं. शिवाय पाच जज रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. बॉक्सरची पाठ तुमच्याकडे असेल तर ठोसा लागला की हातमोज्यावर अडला, ते दिसतच नाही. आमच्या धर्माने अनेकांताची शिकवण दिली. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहता येतं, आणि प्रत्येकाचं सांगणं त्याच्या बाजूपुरतं खरं असतं. पाच जजांमागचा विचार तोच आहे. पण अनेकांतात एक अट आहे आणि ती आपण विसरतो. मी कुठल्या बाजूने बघतो आहे, हे सांगावं लागतं. बाजू सांगायची नाही, कारण द्यायचं नाही आणि नुसता आकडा लिहून मोकळं व्हायचं, त्याला अनेकांत म्हणत नाहीत.

गुण देण्याच्या कसोट्या तरी बघा. लक्ष्यावर लागलेले दर्जेदार ठोसे, तंत्र आणि डावपेचांतलं वर्चस्व, आणि लढाऊ वृत्ती. पहिली थोडीफार मोजता येते. दुसरी-तिसरी म्हणजे माझ्या 'गोड उच्चारां'सारखी, हवी तिकडे वळणारी. पॅरिसमध्ये निशांत देव मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडून ४-१ असा हरला, तेव्हा अन्याय झाला म्हणून आपल्याकडे केवढा गदारोळ उठला. मी ती लढत पाहिली. शेवटच्या फेरीत निशांत थकलेला दिसत होता, त्यामुळे लूटच झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण चार जजांनी कुठल्या कसोटीवर त्याला खाली ठेवलं ते कुणी सांगितलं असतं, तर त्या मुलाला निदान पुढच्या सरावाला काय करायचं ते कळलं असतं. कारण नाही म्हटल्यावर संशय येतो. आणि संशय आला की खऱ्या पराभवालाही कुणी खरं मानत नाही. हे नुकसान जिंकणाऱ्याचंही आहे.

आता संघटना बदलली आहे. जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता ऑलिंपिक समितीने २०२३ मध्ये काढून घेतली. वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना आली, भारतही तिच्यात गेला, आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहील हे मार्च २०२५ मध्ये ठरलं. पाटी बदलली याचा आनंद आहे. पण बटणं आली तेव्हाही लोकांना असाच आनंद झाला होता. माझ्या अपेक्षा साध्या आहेत. लढत संपल्यावर प्रत्येक जजने आपल्या कार्डाखाली दोन ओळी लिहाव्यात: ही फेरी याला का दिली. त्या हरलेल्या खेळाडूला द्याव्यात. दाद मागायची सोय अंतिम सामन्याला असेल तशीच पात्रता स्पर्धेतल्या पहिल्या लढतीलाही असावी, कारण तिथे बघायला कुणी नसतं. आणि कुठल्या जजचे निकाल किती वेळा इतर चौघांच्या विरुद्ध गेले, ते सगळ्यांना बघता यावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही.

सेऊलची गोष्ट अर्धी सांगितली होती, ती पुरी करते. २०२३ मध्ये पार्क सी-हुन अमेरिकेला गेला. रॉय जोन्सच्या घरी, फ्लोरिडातल्या पेन्साकोला गावी. त्याने आपलं सुवर्णपदक जोन्सच्या हातात ठेवलं. पस्तीस वर्षांनी. त्या भेटीचं चित्रण २०२५ मध्ये जगासमोर आलं. ते बघताना मला आमची क्षमावाणी आठवली. पर्व संपल्यावर आम्ही एकमेकांपुढे हात जोडतो, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागतो. पार्कने तेच केलं. पण मला राहून राहून एकच खटकत होतं. चूक पार्कची नव्हती. तो लढला होता, हात वर करणारे दुसरे होते. क्षमा मागायला समुद्र ओलांडून आला तो लढलेला माणूस. ज्यांनी आकडे लिहिले, त्यांच्यापैकी त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं.

मी दर वर्षी क्षमावाणीला मंदिरात सगळ्यांपुढे हात जोडते. शंभर जणांना एकदम 'उत्तम क्षमा' म्हणणं सोपं असतं. त्या मुलीचं घर कुठल्या गावाला गेलं, ते चार जणांना विचारलं तर कळेल. अजून विचारलेलं नाही. ती आता तिशीची असेल. भेटली तर तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल: तुझं काही चुकलं नव्हतं.